तीन हिसके

माझ्या धाकट्या भावाला गल्लीने 'खटखट्या' नाव ठेवलं होतं. तो किल्ल्या बनवायचा. कोरी किल्ली पकडीत आवळून कानस चालवू लागला की त्याचा हात जरासुद्धा चुकायचा नाही. डोक्याच्या आजारावर गोळ्या चालू होत्या, आजार आटोक्यात होता. एकच खोड सुटली नव्हती. आपण किल्ली करून दिलेलं प्रत्येक कुलूप तो रोज दुपारी तीन हिसके देऊन बघायचा. लोक हसायचे. पण कुणाचं कुलूप चुकून उघडं राहिलं, तर मालक येईपर्यंत तोच दारात राखण करत बसायचा. तेव्हा मात्र तो सगळ्यांचा लाडका.

शिंप्याकडे चोरी झाली त्या दुपारीही तो असाच उंबऱ्यावर बसला होता, उघडं कुलूप हातात धरून. शिंपी आला, कपाट रिकामं दिसलं, आणि पुढे कुणी काही विचारलंच नाही. शिंप्याने गज उचलला. किराणावाला, इस्त्रीवाला, शिकवण्या घेणारे मास्तर, सगळे तुटून पडले. मी धावत पोचले तेव्हा भावाच्या कानातून रक्त येत होतं आणि तो एकच सांगत होता, "उघडंच होतं. मी राखत होतो." मास्तरांनी त्याचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि शिंप्याने त्याच कुलपाने बोटं ठेचली. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी त्याच्या अंगावर आडवी पडले, तर माझ्या बरगडीत लाथ बसली. कुणाची ते मला पक्कं ठाऊक आहे. अजून त्याच्याच दुकानातून साखर आणते मी.

चौथ्या दिवशी चोर सापडला. शिंप्याचा सख्खा मेव्हणा. किल्ली त्याच्याकडे होतीच. त्याला कुणी बोट लावलं नाही, घरातलं प्रकरण म्हणून घरातच मिटवलं. माझ्याकडे येऊन शिंपी म्हणाला, "झालं गेलं, ताई. पण वेड्याचा काय भरवसा? आज नाही केलं, उद्या करेल. त्याला कोंडून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी आमचे हात आवरायचे नाहीत."

त्याच्या तोंडावर दार आपटावंसं वाटलं. पण मला भाऊ जिवंत हवा होता.

दुसऱ्या दिवशी कामाला निघताना मी त्याच्या खोलीला बाहेरून कुलूप घातलं. त्यानेच दुरुस्त केलेलं. वाटलं, आता दार बडवेल, मला शिव्या घालेल. आतून दाराला तीन हिसके बसले. डाव्या हाताचे असणार.

"नीट लागलंय, ताई," तो म्हणाला. "जा तू निर्धास्त."