अंजनाबाईंची पेटी आणि चौकातला फळा

१९८६ सालच्या मंडईत पहिलं भजन बायकांचं होणार असं ठरलं, आणि त्या दिवसापासून अंजनाबाईंचे पाय जमिनीला लागेनात. दिवाळीनंतर वडशाच्या आजूबाजूला गावोगाव मंडई भरते. जत्राच ती. दिवसा घुंगरू बांधून दंडारीचा नाच, रात्री नाटक, आणि सगळ्यांच्या आधी देवाच्या नावानं एक भजन. ते भजन आजवर भैयाजींच्या पुरुष मंडळाचं असायचं. यंदा भैयाजींनीच मोठ्या मनानं सांगितलं होतं, करा बाप्पा तुमची हौस एकदा, पण सूर बिघडला तर पुढल्या वर्षीपासून नाव काढायचं नाही. अंजनाबाईंनी मान हलवली होती. मंडई शुक्रवारी होती.

अंजनाबाई म्हणजे डोमाजींची बायको. डोमाजी धानाच्या मिलमध्ये कामाला, घर मिलच्या मागच्या ओळीत. पहाटे उठायचं, सडा टाकायचा, तुळशीला पाणी घालायचं आणि मग चुलीजवळ बसण्याआधी सासऱ्यांची पेटी पुढे ओढायची, असा त्यांचा वीस वर्षांचा नेम. शिकवायला कोणी नव्हतं. सासरे गेल्यावर पेटी फडक्यात गुंडाळून माळ्यावर पडली होती, ती त्यांनी खाली उतरवली आणि एकेक सूर चाचपत स्वतःच शिकल्या. घरचे आधी हसले, मग वैतागले, मग सवय झाली.

आणि नेमका त्या सोमवारी पेटीनं दगा दिला. भाता हलवला की मधला एक सूर आपणहून वाजायला लागला. पट्टीला बोट लावा की लावू नका, तो आपला वाजतोच आहे, म्हणजे भजनाच्या मधोमध कोणी पिपाणी धरून बसावं तसं. नाटक कंपन्यांच्या ह्या वडशात पेटी दुरुस्त करणारे कमी नाहीत, पण हंगाम नाटकांचा. सगळे पेटीवाले नाटक कंपन्यांबरोबर बैलगाड्या आणि ट्रकांवर बसून गावोगाव पांगलेले. नागपूरला पाठवली तर आठ दिवस.

राहिला चौकातला फळा.

हा फळा श्रीहरी गुरुजींचा. शाळेतून निवृत्त झाल्यावर गुरुजींना करमेना, म्हणून त्यांनी वाचनालयाच्या भिंतीला काळा रंग देऊन घेतला. ज्याला अडचण असेल त्यानं खडूनं प्रश्न लिहावा, ज्याला ठाऊक असेल त्यानं खाली उत्तर लिहावं, अशी कल्पना. शनिवारी संध्याकाळी गुरुजी ओलं फडकं घेऊन सगळं पुसत. वर पांढऱ्या रंगात नियम रंगवले होते. विषय सोडून लिहू नये, दुसऱ्याचे पुसू नये, नाव लिहावे. नियम वाढत वाढत इतके झाले की फळ्याचा तिसरा हिस्सा त्यातच गेला. ते पाळत मात्र कोणीच नसे, आणि नावाच्या जागी ‘सत्यवक्ता’, ‘एक नागरिक’, ‘तुमचाच बाप’ असं काहीही येई.

अंजनाबाईंनी सोमवारी दुपारी स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘पेटीचा एक सूर आपोआप वाजतो. शुक्रवारी मंडईत भजन आहे. उपाय माहीत असल्यास कृपा करून लिहावा. — अंजनाबाई, मिल लाईन.’ लिहून झाल्यावर फळ्याला नकळत हात जोडले.

मंगळवारी सकाळी त्या मनकर्णाला घेऊन धावतच आल्या. मनकर्णा त्यांच्या मंडळात टाळ वाजवायची आणि तिला प्रत्येक गोष्टीत काहीतरी चांगलं निघणार असंच वाटायचं. प्रश्नाखालची जागा तळापर्यंत भरली होती. मनकर्णानं टाळीच वाजवली. मग दोघी वाचायला लागल्या.

पहिलं उत्तर भैयाजींचं. पेटी कोणत्या गावची? त्याखाली कोणीतरी लिहिलं होतं की कलकत्त्याची असेल तर टिकत नाही. त्याखाली दुसऱ्यानं, कलकत्त्याचीच टिकते, दिल्लीची म्हणजे खोकं. मग दिल्लीवाले आणि कलकत्तावाले असे दोन तट पडून फळ्याचा अर्धा भाग लढाईत गेला होता. पेटी अमरावतीची होती, ते विचारायला कोणी थांबलं नव्हतं. एकानं सल्ला दिला होता की पेटी विका आणि आणखी चार टाळ घ्या. सत्यवक्त्याचं म्हणणं, बायकांनी भजन म्हणावं की नाही हाच मूळ प्रश्न आहे. एका नागरिकाचं म्हणणं, मूळ प्रश्न रेल्वे फाटकाजवळच्या खड्ड्याचा आहे. आणखी एकानं दटावलं होतं की हा प्रश्न मागच्या वर्षी येऊन गेला आहे, विचारण्याआधी जुनं वाचत जावं. दर शनिवारी पुसल्या जाणाऱ्या फळ्यावर जुनं कुठं वाचायचं, ते मात्र त्यानं लिहिलं नव्हतं. गुरुजींनी लाल खडूनं मधोमध लिहिलं, ‘विषयाला धरून लिहावे’, तर विषय नेमका कोणता यावरच खाली नवी चर्चा उघडली होती.

आणि अगदी तळाशी, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात, बिननावाचं एक वाक्य होतं: ‘माझ्याही पेटीचे असेच झाले होते. नीट झाली.’

अंजनाबाईंनी त्या अक्षरांवर बोट ठेवलं. म्हणजे हे नीट होतं, आणि नीट करणारा माणूस ह्याच गावात आहे. पण कशी नीट झाली ते न सांगता हा बाबा गेला कुठे?

मंगळवारची दुपार आणि बुधवारचा अर्धा दिवस दोघींनी गाव पालथं घातलं. ज्याच्या घरी पेटी होती, ज्याच्या घरी कधीकाळी होती, ज्याच्या सासुरवाडीला होती, सगळ्यांना विचारून झालं. प्रत्येकजण म्हणे, मी नाही लिहिलं, पण दिल्लीचीच पेटी चांगली. फळ्याखालीच सुकलूचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. एक पंप, एक पाण्याची परात आणि बसायला पोतं. सुकलू दिवसभर तिथंच बसून असायचा, लिहिणारा त्याच्या डोक्यावरूनच हात लांबवून लिहायचा. त्यानं तरी पाहिलं असेल म्हणून अंजनाबाईंनी विचारलं. त्यानं मान परातीत घालून पंक्चरचे बुडबुडे शोधत उत्तर दिलं, “मले काय मालूम, बाई.”

दोघी खट्टू होऊन तिथंच पायरीवर टेकल्या. आणि तिथं बसल्या बसल्या अंजनाबाईंनी एक गंमत पाहिली. कोणा बिचाऱ्यानं गेल्या शनिवारनंतर लगेच विचारलं होतं की गोंदियाची सकाळची गाडी किती वाजता येते. चार दिवस कोणी उत्तर दिलं नव्हतं. आता भैयाजींनी त्याखाली ठोकून दिलं की साडेनऊला. बस्स. तासाभरात चौघे धावत आले. एक तर जेवता जेवता उठून आला होता, डाव्या हातानं लिहीत होता, उजव्या हाताला वरण लागलेलं. गाडी कधी येते, कधी यायला पाहिजे, उशीर काऊन होते, सगळं मिनिटासकट लिहून झालं.

अंजनाबाईंचे डोळे मोठे झाले. प्रश्न विचारला तर खरं उत्तर द्यायला कोणी हलत नाही, पण चुकीचं लिहिलं तर माणूस ताटावरून उठून येतो.

रात्रभर त्यांच्या मनाची ओढाताण झाली. खोटं लिहायचं म्हणजे पाप. गुरुवारी पूजा आटोपल्यावर त्यांनी देवापुढे दोन्ही कान धरले, एवढं एक खोटं पोटात घाल म्हणून सांगितलं, आणि चौकात जाऊन ठळक अक्षरात लिहिलं: ‘सूर आपोआप वाजत असल्यास पेटीत अर्धी वाटी जवसाचे तेल ओतावे. आज दुपारी बारा वाजता अंजनाबाईंच्या पेटीत मी स्वतः ओतणार आहे. — एक अनुभवी.’

घरी येऊन पेटी ओट्यावर ठेवली, शेजारी खरंच तेलाची वाटी ठेवली आणि मनकर्णाबरोबर वाट पाहत बसल्या. दहा वाजले. कोणी नाही. अकरा वाजले. मनकर्णा म्हणाली, येईल, येईल. साडेअकराला गल्लीच्या तोंडाशी घंटीचा एकच गदारोळ उठला आणि गिऱ्हाइकाच्या, बिनब्रेकच्या सायकलवरून सुकलू थेट अंगणात शिरला. पाय घासत थांबला तो तुळशीपाशी.

“हात नोका लावू! जवसाचं तेल? चामडं खराब, लाकूड फुगून जाते, पेटी मरून जाईन ना! कोन गाढव हाय तो अनुभवी?”

“मीच आहे, भाऊ,” अंजनाबाई म्हणाल्या.

मनकर्णानं पदर तोंडात कोंबला होता. अंजनाबाईंनी वाटी उचलून लांब ठेवली आणि हलकेच विचारलं, “ते बारीक अक्षर तुमचंच नं? मग नीट कशी झाली ते काऊन नाई लिहिलं?”

सुकलू खाली बसला. म्हणाला, “एकदा लिहिलं होतं, बाई. पंक्चर कसं काढावं ते. सात जनानं मले समजावलं का तुह्यं चुकलं. धंदा माहा, अन् शिकवून राह्यला कापडवाला. तवापासून नुसतं वाचतो. तुमचं वाचून राहवलं नाई, म्हणून तेवढं लिहिलं. लंबं लिहिलं का लोक चूक धरते.”

मग त्यानं खिशातून सायकलच्या चाकाची एक तार काढली. सुकलू बारा वर्षं नाटक कंपनीत पेटीवाल्याच्या हाताखालचा माणूस होता आणि कंपनीची पेटी तो आपलीच म्हणायचा, हे त्या घडीपर्यंत त्या ओळीत कोणाला ठाऊक नव्हतं. त्यानं वरची फळी उचलली, वाजणारी पट्टी अलगद वर केली, खालची चामड्याची गादी तारेनं जराशी सरकवली आणि तळहातावर एक गोष्ट घेऊन अंजनाबाईंपुढे धरली. धानाचा दाणा. तुसासकट. गादी टेकत नव्हती म्हणून वारा जात होता, आणि वारा जात होता म्हणून सूर वाजत होता. अंजनाबाईंना आठवलं, कापणीचं धान घरात आलं तेव्हा जागा नाही म्हणून पेटी त्यांनीच पोत्यांवर ठेवली होती.

भाता हलवला. पेटी गप्प. मग त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं, आणि फक्त तोच सूर निघाला. मनकर्णा उडीच मारायची राहिली. ते तेल संध्याकाळी दिव्यात गेलं.

शुक्रवारी भजन असं झालं की दंडारवाले पायातले घुंगरू धरून थांबले. लोकांनी आणखी एक म्हणायला लावलं. भैयाजी पुढच्या रांगेत होते. पुढल्या वर्षीबद्दल कोणी विचारायच्या आधीच ते म्हणाले की पहिलं भजन राहू द्या बायकांकडेच, आम्ही शेवटचं म्हणू. आणि मग वाकून हळूच विचारलं की पेटी दिल्लीची आहे ना.

शनिवारी सकाळी अंजनाबाई फळ्यापाशी गेल्या. सुकलूला विचारून, त्याचं नाव घालून, दाणा, गादी, तार असं सगळं उत्तर पायरीपायरीनं लिहिलं. खाली आणखी एक ओळ: ‘एक अनुभवी मीच होते, क्षमा असावी.’

संध्याकाळी गुरुजी फडकं ओलं करून आले, तोवर त्याखाली दोन उत्तरं येऊन पडली होती. पहिलं: ‘हे सर्वांनाच माहीत होते.’ दुसरं: ‘तार नको, सुई वापरावी.’

सुकलूनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. हातातली ट्यूब परातीत टाकली, हात पोत्याला पुसले, गुरुजींच्या खिशातला खडू न विचारता काढून घेतला आणि सगळ्यांना दिसेल असं मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘सुई वाकते. — सुकलू, सायकलवाला.’