शंकरपटाचा आवाज

मूर्तिजापूरकडच्या शंकरपटात बैलजोडी कुणाचीही पळो, माईकवर कुंदनच. तो "सुटली रे सुटलीऽऽ!" म्हणाला की कडेला बसलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्याही पदर खोचून उठायच्या. शेती यथातथाच होती. गड्याची सगळी ऐट त्या गळ्यात!

दुसऱ्या बाळंतपणात त्याची बायको मंजुषा मरता मरता वाचली. हृदय नाजूक. पुन्हा दिवस राहिले तर जिवावर बेतेल आणि तिचं मूल बंद करायचं ऑपरेशनही धोक्याचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

"मंग तुमीच करून घ्या ना," गावच्या आशा सेविका शकुनताई म्हणाल्या. "पुरुषाची नसबंदी सरकारी दवाखान्यात फुकट होते. टाका नाई, काई नाई!"

कुंदनची बोबडीच वळली. घरचा डुरकणारा गोऱ्हा खच्ची केल्यावर कसा मुका झाला, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे आपला गळाही गेला! धाकट्या भावाला, अश्विनला, बोलावून त्यानं माईक सोपवला, त्याच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडला आणि शकुनताईंच्या मागे दवाखान्यात गेला.

टेबलावर पडल्यापडल्या गड्यानं सुरू केलं, "सुटली रे सुटलीऽऽ! पांढरी जोडी पुढंऽऽ!" आवाज नेमका कधी जातो ते पकडायचं होतं ना! बाहेर रांगेतल्या बाया पोट धरधरून हसल्या.

"अहो, जोडी पोचली. उठा आता," डॉक्टर म्हणाले.

"अन् आवाज?"

"तो कमी करायची सोय असती तर आधी तीच केली असती!"

शकुनताईंनी निरोधची पाकिटं हातात कोंबली. "तीन महिने हे वापरा, मंग तपासणी. तवरक भरवसा नाई."

चार महिन्यांनी भरलेल्या पटात कुंदननं अश्विनच्या हातातला माईक हिसकावलाच. "आयका हो मंडळी! मी नसबंदी करून आलो! आवाज फाटला का कुठं?" सारा पट हसून लोळला.

"तपासणीचं सांगा!" शकुनताई गर्दीतून ओरडल्या.

"तेबी झाली! पास!"

मंजुषा लाजून चूर झाली. घरी जाताना तिनं विचारलं, "आवाज जाईन असं वाटत होतं, तं मंग गेले काहून?"

जन्मात पहिल्यांदा कुंदन हळू बोलला.

"तू गेली असती, तं आयकवला कोनाले असता?"