न सुटणारी गाठ

आमच्या घरात बावीस धारदार सुऱ्या आहेत आणि टोमॅटो चिरायला एकही नाही. बावीस ह्यांच्या कपाटात, तेल लावून, फडक्यात गुंडाळून निवांत निजलेल्या असतात. माझी स्वयंपाकघरातली तेविसावी इतकी बोथट, की टोमॅटो चिरला जाण्याआधी फुटतो. "हिला जरा धार लावा हो," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बघू रविवारी." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

हे चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. दिवसभर काचा घासून आलेला माणूस घरी काय करेल? धारेचा दगड ओला करून पुन्हा घासायला बसेल. धार नीट लागली की नाही ते डाव्या हातावरचे केस भादरून बघायचं. लग्नाला सतरा वर्षं झाली, त्या हातावर मी एक केस पाहिला नव्हता. सुऱ्यांच्या सोबतीला दोर, शिट्ट्या, होकायंत्र, दोन तंबू. आणि गाठींचा गर्व तर विचारूच नका. "माझी गाठ ओझं पडेल तशी आवळते, सुटत नाही," हे वाक्य प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर मिळायचं.

माझा धाकटा भाऊ त्यांचा एकुलता एक भक्त. भावोजींनी सांगितलं तर हा विहिरीतसुद्धा उडी मारेल, असं मी चेष्टेनं म्हणायचे.

त्या दिवशी आम्ही तिघं डोंगर उतरत होतो. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी मांडीपर्यंत चढला होता. वर कुठेतरी पाऊस झाला असणार. "थांबू या थोडं," मी म्हटलं. पण इतकं सामान वापरायची संधी हे थोडीच सोडणार! ठरलं असं, की भावानं दोर घेऊन आधी पलीकडे जायचं, तिथल्या झाडाला बांधायचा, मग आम्ही तो धरून जायचं. ह्यांनी दोराचं एक टोक भावाच्या कमरेला बांधलं, दुसरं आमच्या बाजूच्या झाडाला. दोन्हीकडे तीच सुप्रसिद्ध गाठ.

ओढ्याच्या मध्यावर भावाचा पाय सटकला.

दोर ताठ झाला आणि पाणी त्याच्या डोक्यावरून जाऊ लागलं. मी दोर धरून जिवाच्या आकांतानं ओढायला लागले. एकदा त्याचं तोंड वर आलं, पुन्हा गेलं. जितकं ओढावं तितका तो खाली. हे झाडाकडे धावले आणि गाठीला नखं लावली. गाठ हलली नाही. ह्यांनी तिच्याबद्दल जे जे सांगितलं होतं ते सगळं खरं निघालं.

मग ह्यांचा हात कमरेच्या सुरीकडे गेला.

"काय करताय?"

"बाजूला हो. कापतो."

"कापू नका! वाहून जाईल तो!"

"अगं, दोरच त्याला खाली दाबतोय! सोड!"

मी सोडला नाही. जिथे सुरी टेकणार होती तिथेच दोन्ही हातांनी दोर कवटाळला. ह्यांनी डाव्या हातानं मला मागे लोटलं, तर मी त्या हाताला कडकडून चावले. तोंडात रक्ताची चव आली. ह्यांनी हात मागे घेतला नाही. दुसऱ्या हातानं सुरी एकदाच फिरवली. दोर तुटला आणि माझा भाऊ गढूळ पाण्यात दिसेनासा झाला.

त्या वेळी मी नवऱ्याला काय काय बोलले ते कागदावर आणायची मला लाज वाटते. बोलत होते आणि काठानं धावत होते.

पुढच्या वळणावर, उथळ पाण्यात, भाऊ गुडघ्यांवर ओणवा होऊन पाणी ओकत होता. आम्हाला बघून म्हणाला, "भावोजी, गाठ मात्र एक नंबर." मी त्याच्या एक थोबाडीत मारली आणि त्यालाच मिठी मारून रडले. त्याच्या कमरेची गाठही शेवटी कापावीच लागली.

घरी आल्यावर ह्यांच्या हाताला पट्टी बांधताना मी विचारलं, "तो वर येईल हे माहीत होतं ना तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

"दोर राहिला तर येणार नाही, एवढंच माहीत होतं." मग म्हणाले, "पाण्यात उतरणाऱ्याला तशी गाठ मारायचीच नसते. पुस्तकात वाचलं होतं मी. तरी मारली."

आता त्या हातावर केस वाढलेत. दातांच्या खुणेवर तेवढे उगवले नाहीत. परवा एका पाहुण्यानं ती बघून विचारलं, "सुरी लागली वाटतं?"

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले.

"नाही," हे म्हणाले. "एकदा माझी गाठ सुटली नव्हती."