आगत्याचे गुण

अलेक्झांड्रियात नोव्हेंबरातल्या वादळाला केरसुणी म्हणतात, आणि त्या सकाळी केरसुणीने अर्धा समुद्र झाडून रस्त्यावर आणून टाकला होता. दुसूकी अबुन्नगा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून इंजिनियरिंग कॉलेजात पोचला, प्रयोगशाळेच्या खिडकीच्या फटीत जुनी वर्तमानपत्रं कोंबली आणि रात्रीतून कॉम्प्युटरने काय गोळा केलंय ते बघायला बसला. हा बाबा इतकी वर्षं मदतनीस म्हणून शिकवत होता, की त्याच्या हाताखालून गेलेली पोरंच आता त्याला नोकरीच्या जाहिराती पाठवायची.

गुरुवारी त्याची पीएचडीची तोंडी परीक्षा होती. विषय मोठा गोड. जगभर लोक फुकटात, मिळून, उघड्यावर सॉफ्टवेअर लिहितात. कोणीही यावं, दुरुस्ती सुचवावी. जिथे नवख्याचं आगत्य चांगलं तिथे सॉफ्टवेअरही चांगलं, असा दुसूकीचा सिद्धान्त. त्याचा प्रोग्रॅम प्रत्येक गटाचं स्वागताचं पान वाचायचा आणि 'या', 'बसा', 'घर आपलंच आहे' असले शब्द मोजून गुण द्यायचा. निकाल लागला: इजिप्तचे गट जगात पहिले! मार्गदर्शक डॉक्टर इन्शिराहबाईंनी तर कॉलेजच्या फाटकावर कापडी फलकच टांगला.

आता आपल्याकडे नाईलच्या मधोमध होडीत जेवायला बसलेला नावाडीसुद्धा काठावरच्या माणसाला ओरडून सांगतो, "या, दोन घास खाऊन जा!" काठावरचा म्हणतो, "चालू द्या तुमचं," आणि वाटेला लागतो. पोहत कोणी येत नाही.

दुसूकीनेही आपला प्रोग्रॅम असाच उघड्यावर मांडला होता. वर लिहिलं होतं, 'या, चुका दाखवा, घर आपलंच समजा.' आणि थेट दूर दक्षिणेतल्या सोहागहून एक जण पोहत आला.

अब्दुल मौजूद त्याचं नाव. तिकडच्या एका कॉलेजात शिकवायचा. त्याने रमजानात दुरुस्ती पाठवली: स्वागताचे शब्द मोजू नका, आलेल्या परक्यांच्या किती सूचना खरंच घेतल्या ते मोजा. दुसूकीने ती गुपचूप चालवून पाहिली. इजिप्त घसरत घसरत तळाशी. पहिला आला कुठलासा गट, ज्याच्या स्वागताच्या पानावर एकच ओळ होती: 'आधी वाचा, मग तोंड उघडा.' आणि सगळ्यांच्या खाली, शून्य गुणांवर, खुद्द दुसूकीचा प्रोग्रॅम. परीक्षक तो स्वतः चालवून बघणार होते. दुसूकीने मौजूदला उत्तर लिहिलं, 'आपण आलात, घर उजळलं! कधी इकडे आलात तर प्रयोगशाळा आपलीच,' आणि दुरुस्ती तशीच लोंबकळत ठेवली.

"अजून लोंबकळतेय?" शेजारच्या टेबलावरच्या शेर्बीनीने चहात साखर ढवळत विचारलं.

"गुरुवार जाऊ दे रे. एकदा डॉक्टर झालो की घेतो."

"म्हणजे आधी डॉक्टर व्हायचं, मग खरं बोलायचं."

"गप चहा ढोस."

तेवढ्यात दार उघडलं. दारात चिंब भिजलेला धिप्पाड माणूस, काखेत फडक्याचं गाठोडं.

"सलाम अलैकुम. दुसूकी कोण? मी मौजूद. तुम्ही बोलावलंत, आलो. रात्रभर गाडीत होतो. आईने भाकरी दिल्यात."

दुसूकीचं तोंड सवयीने बोललं, "घर उजळलं हो आमचं!"

"ते लिहिलं होतंत तुम्ही. दुरुस्ती कधी घेताय?"

आवाज ऐकून इन्शिराहबाई आल्या. सगळं कळल्यावर तोंडभर हसल्या. "अहो, तुमची दुरुस्ती म्हणजे आम्हाला शिरसावंद्य! घेणारच. आधी चहा तरी घ्या."

"चहा मी घेतो, दुरुस्ती तुम्ही घ्या." मौजूद खुर्चीत ऐसपैस बसला.

"आत्ता? अहो, या वादळात वीज कधी जाईल नेम नाही."

"गेली तर येईल. आठवड्याची रजा टाकलीय मी."

बाईंनी दुसूकीला कोपऱ्यात ओढलं. "कोणी सांगितलं होतं तुला बोलवायला?"

"बोलावलं नाही हो बाई, नुसतं या म्हटलं."

"मग घालव त्याला."

"भाकरी घेऊन आलेल्या माणसाला? तुम्हीच घालवा."

बाईंनी वळून पाहिलं. शेर्बीनीने गाठोडं सोडून भाकरी मोडलीसुद्धा होती, गाल फुगले होते. पाहुण्याची भाकरी खाल्ली गेली. आता त्याला नाही म्हणायची कोणाची बिशाद नव्हती. दुसूकी मुकाट्याने टेबलाशी गेला आणि त्याने दुरुस्ती घ्यायचं बटण दाबलं. पडद्यावर इजिप्त धाडकन खाली आला. दुसूकीचा प्रोग्रॅम तेवढा तळातून एक पायरी वर चढला.

बाई कसलेल्या. चहा संपेस्तोवर सावरल्या. "विषय बदलू. 'आमंत्रण आणि प्रवेश यांतली दरी'. मोजायची अगदी नवी पद्धत! शोधनिबंधावर माझं नाव, मग दुसूकीचं. मौजूदसाहेब, तुमचे शेवटी मनापासून आभार मानू."

"आभार नकोत, नाव घाला. शब्द मोजायचे नाहीत असं ठरलं ना आत्ताच?"

"घालू की."

"मी बघतो, तुम्ही घाला."

बाईंनी नाव टाइप केलं. दुसूकीने हळूच विचारलं, "आणि माझी परीक्षा, बाई?"

"आता सगळंच नव्याने लिहायचं. उन्हाळ्यात बघू, अल्लाच्या मनात असलं तर."

दुसूकीने मान हलवली. खाली पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं. त्याने हजेरीचा कागद उचलला, जिना उतरला आणि कुडकुडणाऱ्या पोरांची नावं पुकारायला लागला.