लोइसच्या दारापर्यंतचा फूटपाथ

हार्लन टोफ्टला काहीही द्यायचं असेल तर तीनदा विचारावं लागतं. पहिल्यांदा तो म्हणतो, "नको." दुसऱ्यांदा म्हणतो, "उगाच कशाला त्रास." तिसऱ्यांदा म्हणतो, "बरं, केलीच आहेस तर घेतो अर्धा कप." टॅमरॅक बेंडमध्ये सगळेच थोडेफार असे, मीही आहे. मिनेसोटात जन्मलेल्या माणसाला दुसरं जमतच नाही. पण हार्लनचं अती आहे. चर्चच्या तळघरात कॉफीबरोबर लिंबाच्या वड्या असतात. ताटातली शेवटची वडी कोणी उचलत नाही. जो येतो तो तिच्यातली अर्धी कापून नेतो, पुढचा उरलेल्या अर्धीची अर्धी. एकदा नखाएवढा तुकडा उरला होता आणि हार्लन सुरी घेऊन त्याचेही दोन करत होता. ती सुरी त्याच्या हातातून हिसकावून घ्यावी असं मला वाटलं. मी म्हटलं, "छान झाल्यात ना वड्या?"

मी लव्हॉन. नगरपालिकेच्या कार्यालयात खिडकीवर बसते, बावीस वर्षं झाली. हार्लन रस्ते विभागात एकतीस वर्षं होता आणि लिंडन स्ट्रीटवर माझ्यापासून एक घर सोडून राहतो. खड्डे बुजवायचे, फूटपाथच्या लाद्या ओतायच्या, वरून थापी फिरवून त्या गुळगुळीत करायच्या, हे त्याचं काम. त्याने ओतलेल्या लादीवर अंडं ठेवलं तर ते कुठल्या बाजूला जावं याचा विचार करत बसेल, असं विभागातली माणसं म्हणायची. हार्लन स्वतः म्हणायचा, "चालून जातं."

आमचा रस्ता एकोणीसशे अठ्ठावन्नचा. ठिगळावर ठिगळ, त्या ठिगळावर आणखी एक, आणि सगळी हार्लनची. कुठलं कुठल्या साली मारलं हे तो सांगू शकायचा, पण कोणी तीनदा विचारलं नाही, त्यामुळे त्याने कधी सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेने ठरवलं की आता पुरे. रस्ता तळापासून उकरायचा, जुने पाइप काढून नवे घालायचे, फूटपाथही नवा. निम्मा खर्च नगरपालिकेचा. निम्मा घरांवर विशेष आकारणी लावून वसूल करायचा, ज्याच्या घराची रस्त्याकडची बाजू जेवढी फूट लांब तेवढा त्याचा वाटा. हार्लनच्या वाट्याला सात हजार आठशे साठ डॉलर आले. घरपट्टीबरोबर पंधरा वर्षांत फेडले तरी चालतील, असं मी त्याला सांगितलं.

"म्हणजे मी त्र्याण्णवाचा होईन," हार्लन म्हणाला. "बरं आहे. काहीतरी निमित्त."

मग त्याने खिडकीवर उभं राहून अभियंत्याचा अहवाल वाचला. पान चारवर लिहिलं होतं, 'लिंडन स्ट्रीट, स्थिती: निकृष्ट.' एकतीस वर्षं एका शब्दात. तो ते पान बराच वेळ बघत होता. अहवाल मिटून परत देताना म्हणाला, "छपाई छान केलीय."

पैशाचंही नव्हतं आणि अब्रूचंही नव्हतं. त्याला काळजी होती ती आर्डिसची, त्याच्या बायकोची.

आर्डिस रोज सव्वानऊला घरातून निघते आणि आमच्याच बाजूला पाचव्या घरात तिची बहीण लोइस राहते तिच्याकडे जाते. एकटी. हार्लन हात द्यायला आला तर त्याला झटकते. मी सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. शेजारच्या मॅपलच्या मुळाने दोन लाद्या वर उचलल्या होत्या, तिथे ती पाय अलगद उचलायची. माझ्या फाटकापाशी एका लादीचा कोपरा फुटला होता, तिथे थोडी डावीकडे सरकायची. लोइसच्या दारासमोरची लादी डगमगायची. तिच्यावर पाय पडला की खट् आवाज यायचा, आणि आर्डिस वळायची. असं सगळं बिनचूक. मग एकदा मार्चमध्ये माझ्या दारातल्या टपालपेटीला ती म्हणाली, "गुड मॉर्निंग, लव्हॉन." मी खिडकीत होते. मी आतूनच म्हटलं, "गुड मॉर्निंग," आणि त्यानंतर कोणालाही काही बोलले नाही.

तिची नजर जात होती. मधला भाग आधी जातो म्हणे, कडेकडेचं थोडं राहतं. हे तिने फक्त हार्लनला सांगितलं होतं. लोइसलाही सांगितलं नव्हतं, कारण लोइसला कळलं की ती म्हणणार, आता माझ्याकडे येऊन राहा, आणि मग आर्डिस आयुष्यभर हातात सूप घेऊन खुर्चीत.

हार्लन एक दिवस खिडकीवर आला आणि हरकत कशी घ्यायची ते विचारू लागला. मी सांगितलं, कागदावर लिहायची, सही करायची, आणि सुनावणी संपायच्या आत माझ्याकडे द्यायची. संपली की संपली, मग काही नाही.

"कारण लिहावं लागतं का?" त्याने विचारलं.

"लिहिलं तर बरं."

त्याने टेबलावरचं पेन सरळ करून ठेवलं. "मी पैसे पूर्ण देणार," तो म्हणाला. "फक्त आमच्या बाजूचा फूटपाथ होता तसा राहू दे. पाच घरांपुरता. ती पायांनी वाचते तो."

इतकं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मला रडू आलं असतं, पण मागे कुत्र्याच्या परवान्यासाठी एक बाई उभी होती.

सुनावणी मंगळवारी सात वाजता होती. लिंडन स्ट्रीट सगळी आली होती, कोट मांडीवर घेऊन, मागच्या रांगांपासून भरत. पुढच्या दोन रांगा रिकाम्या. मी टेबलाशी नोंदी घेत होते. हार्लन शेवटून तिसऱ्या रांगेत, आणि त्याच्या शर्टाच्या खिशात पांढरं पाकीट. ते मला तिथून दिसत होतं. हरकतींचा ट्रे मी टेबलाच्या अगदी कडेला सरकवून ठेवला. आणखी सरकवला असता तर खाली पडला असता.

आमच्या नगराध्यक्ष डीना कॅपुटो. बाई चांगल्या आहेत, कामाला वाघ आहेत, पण न्यू जर्सीहून आल्यात आणि सहा वर्षांत त्यांना एक गोष्ट कोणी सांगितली नाही. तिकडे एकदा विचारतात. ज्याला बोलायचं तो बोलतो, ज्याला नाही तोही बोलतो. त्यांनी विचारलं, "कोणाची काही हरकत?"

कोणी हललं नाही. पहिल्यांदा विचारल्यावर कोण हलेल? आम्ही काय रानटी आहोत?

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कोणीच नाही?" हे दुसऱ्यांदा. हार्लनचा हात वर आला, खिशापर्यंत गेला, पाकिटाच्या कडेवर थांबला. आता फक्त एकदा विचारायचं होतं. सबंध सभागृह वाट बघत होतं. मागच्या रांगेतल्या दोघांनी घसे खाकरून तयार ठेवले होते.

"वा, एकमत," कॅपुटोबाई म्हणाल्या आणि हातोडा आपटला. सुनावणी चार मिनिटांत संपली. मी लिहिलं, 'हरकत नाही.'

लोक कोट घालत होते तेव्हा मी हार्लनला दारात गाठलं. नोंदवही अजून उघडी होती. मी म्हटलं, "दे ते पाकीट, मी शिक्का मारते." तो म्हणाला, "नको, संपलं आता." मी पुन्हा म्हटलं, "दे म्हणते ना." तो म्हणाला, "उगाच कशाला त्रास." आणि मला असा संताप आला त्याचा, अशी तिडीक गेली डोक्यात, की मी नोंदवही मिटली, पर्स उचलली आणि घरी गेले. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. बावीस वर्षं खिडकीवर बसते, या गावात जन्मले, आणि मी तिसऱ्यांदा विचारलं नाही. ते मला अजून लागतं.

उन्हाळाभर रस्ता उकरला होता. आर्डिस सात आठवडे घरात बसली. विचारलं की म्हणायची, विणकाम आहे. लोइस गाडीने चक्कर मारून यायची आणि म्हणायची, आर्डिस आळशी झालीय. ऑगस्टमध्ये फूटपाथ ओतला. पांढरा, सरळ, एकही लादी वर नाही की खाली नाही. सगळे म्हणाले, वाईट नाही. आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नसते.

पहिल्याच शुक्रवारी माझी सुट्टी होती. नऊ वीसला बेल वाजली. दारात आर्डिस, चांगला निळा स्वेटर घालून. "लोइस, कॉफी टाक," ती म्हणाली आणि आत आली. स्वेटर काढून, लोइसकडे जिथे खुंटी आहे तिथे हात नेला. तिथे माझ्याकडे घड्याळ आहे. तिचा हात घड्याळावर थांबला.

"आर्डिस," मी म्हटलं, "कॉफी घेशील?"

तिने माझा आवाज ओळखला. "नको," ती म्हणाली. मी दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. मग तिने अर्धा कप घेतला. निघताना म्हणाली, "तुझ्याकडेच यायचं होतं मला." मी म्हटलं, "हो, किती दिवसांनी आलीस." ती गेली ती घरीच गेली, लोइसकडे नाही. शनिवारी ती बाहेर पडली नाही. हार्लन ओसरीत बसून फूटपाथकडे बघत होता, दिवसभर.

रविवारी हार्लन चर्चला आला नाही. पाठ दुखतेय, असं आर्डिस म्हणाली. लोइसने तिला गाडीतून आणलं होतं. एकोणीसशे एकोणसत्तरपासून हार्लनने रविवार चुकवलेला नाही. त्याचं अपेंडिक्स फुटलं होतं ते बुधवारी. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि प्रार्थनेचं पान काढलं. त्या दिवशी पास्टरचा घसा बसला होता, त्यामुळे प्रवचन लवकर आटपलं.

आम्ही परत आलो तेव्हा नव्या फूटपाथवर खाचा होत्या. काँक्रीट कापायच्या यंत्राने पाडलेल्या, बोटभर रुंद, सुताने आखल्यासारख्या. टोफ्टांच्या फाटकापाशी एक. मॅपलपाशी दोन. माझ्या दारात तीन. चौथ्या घरापाशी चार. लोइसच्या दारात एकही नाही. हार्लन ओसरीत बसला होता, चर्चचे बूट घालून, आणि बूट पांढऱ्या धुळीने भरले होते. "पाठ कशी आहे?" मी विचारलं. "चालतंय," तो म्हणाला. सबंध लिंडन स्ट्रीट त्या खाचांवरून आपापल्या घरी गेली आणि कोणी खाली बघितलं नाही.

गुरुवारी अंतिम पाहणी होती. अभियंता वांग आला. बाहेरदेशातून आलेल्या हमोंग कुटुंबातला, पण मिनेसोटातच, सेंट पॉलमध्ये वाढलेला, शांत माणूस. 'निकृष्ट' त्यानेच लिहिलं होतं. पाहणीला कार्यालयातून एक माणूस लागतं म्हणून मी बरोबर होते. तो पहिल्या खाचेपाशी थांबला, वाकला, बोट फिरवलं. मग चारी ठिकाणी जाऊन परत आला. हार्लन फाटकात उभा होता.

"मिस्टर टोफ्ट, हे तुम्ही केलंत का?" वांगने विचारलं.

"नाही," हार्लन म्हणाला.

नवीन काम खराब केलं की पुन्हा ओतायचं, आणि खर्च करणाऱ्याकडून घ्यायचा, असा नियम आहे. तो नियम मीच टाइप केलाय.

वांगने मॅपलकडे बघितलं. "तुम्हीच केलं असेल का, मिस्टर टोफ्ट?"

"मला कुठे जमतंय आता."

वांगने वही काखेत धरली. तो इथलाच. घाई केली नाही. "तरीपण," तो म्हणाला, "तुम्हीच का?"

"बरं," हार्लन म्हणाला. "हो. मीच."

"कशासाठी?"

याचं उत्तर मात्र हार्लन तीनशेदा विचारूनही देणार नव्हता, कारण ते त्याचं नव्हतं. तो कानापर्यंत लाल झाला. तेवढ्यात दार उघडलं. सव्वानऊ झाले होते. आर्डिस पायऱ्या उतरली, आमच्यामधून गेली. तिचा बूट खाचेवर घासला, आणि ती चालू लागली. मॅपलपाशी बूट दोनदा घासला. वांग तिच्या पायांकडे बघत होता. माझ्या दारात ती थांबली आणि वळून, आमच्या थोडं उजवीकडे बघत, बोलली.

"सात हजार आठशे साठ डॉलर घेतात आणि काम बघा कसं खडबडीत."

एकतीस वर्षं थापी फिरवलेला माणूस. मी हार्लनकडे बघू शकले नाही.

"कसली माणसं घेतात हल्ली," हार्लन म्हणाला.

"हं," आर्डिस म्हणाली. "आणि लोइसच्या दारापाशी राहूनच गेलंय. सांग त्याला, जो कोण असेल त्याला." मग ती पुढे गेली, चौथ्या घरावरून, आणि आम्ही तिघांनी तिला लोइसच्या दारापाशी हाताने कुंपण चाचपताना पाहिलं. मग ती वळली.

वांगने वही उघडली आणि बराच वेळ लिहिलं. दुपारी ते पान माझ्या खिडकीवर आलं. मी त्यावर शिक्का मारला, आणि फाइलला लावायच्या आधी दोनदा वाचलं. 'फूटपाथ, लिंडन स्ट्रीट, उत्तर बाजू. खाचा: काम उत्तम. पाचव्या घरासमोर काम अपूर्ण. पूर्ण करावे.'

पुढच्या रविवारी हार्लनची पाठ पुन्हा दुखली.