काळुराम ड्रायव्हरने लपवलेले चौदा महिने

काळुरामने नऊ वर्षं आम्हाला पेणहून रोह्याला नेलं आणि परत आणलं. आम्ही म्हणजे रोह्याच्या एका केमिकल कंपनीत जनरल शिफ्टला जाणारी बत्तीस माणसं. मी तिथल्या लॅबमध्ये आहे. सव्वासातला पेणच्या नाक्यावरून बस निघायची. उशीर करणाऱ्यासाठी काळुराम दोन मिनिटं थांबायचा, तिसरं नाही. एकदा आमचे मॅनेजर रस्ता ओलांडत हात करत होते, तरी त्याने गाडी सोडली. दुसऱ्या दिवशी ते वेळेच्या आधी हजर!

तो कासूजवळच्या एका खेड्यातला. घरची भातशेती, भात निघालं की त्याच वावरात वाल. माघात शेंगा भरल्या की एक दिवस तो मडकं, भांबुर्डीचा पाला आणि पोतंभर शेंगा बसमध्ये टाकून आणायचा आणि सुट्टी झाल्यावर कंपनीमागच्या मोकळ्या जागेत मडक्यात शेंगा भाजून सगळ्यांना पोपटी लावून खायला घालायचा. गाडी चालवताना मात्र बोलायचा नाही. फोन डब्याच्या पिशवीत बंद. नवी मुलगी नोकरीला लागली की तिचे आईवडील पहिल्या दिवशी बस बघायला यायचे आणि काळुरामला बघून निश्चिंत मनाने परत जायचे. मी स्वतः नऊ वर्षं त्याच्या मागच्या सीटवर झोपत गेलो. माणूस झोपतो कुठे? जिथे भरवसा असतो तिथे.

दोन वर्षांपूर्वीची, नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारची गोष्ट. कासूच्या पुढे हायवेचं काम चालू होतं. एका बाजूच्या गाड्या सोडायच्या, दुसऱ्या बाजूच्या अडवायच्या, असा प्रकार. लाल झेंडीवाल्याने आम्हाला थांबवलं. आमच्या पुढ्यात लोखंडी सळया भरलेला ट्रेलर उभा होता. सळया मागून हातभर बाहेर आलेल्या, टोकांना लाल फडकं बांधलेलं. काळुरामने नेहमीप्रमाणे गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला. तो आवाज मी अर्धवट झोपेत ऐकला.

आणि मग दुसरा आवाज आला. माणसाच्या घशातून तसा आवाज येऊ शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. ओरडणं नाही, कण्हणं नाही. छातीतली सगळी हवा कुणीतरी एकदम पिळून काढावी तसं. मी डोळे उघडले. काळुरामची मान डावीकडे वळलेली, नजर वर लागलेली, दोन्ही हात लाकडासारखे ताठ. कोपर हॉर्नवर. त्याचा उजवा पाय ताठ होऊन अ‍ॅक्सिलेटरवर दाबला गेला होता आणि उभ्या गाडीचं इंजिन किंचाळत होतं.

गाडी न्यूट्रलला होती. एवढंच. गिअरमध्ये असती तर आम्ही त्या सळयांमध्ये शिरलो असतो.

पुंडलिकदादा आमच्यात सगळ्यात जुने, प्लँटमधले ऑपरेटर. त्यांनी उडी मारून चावी फिरवली. एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत काळुरामचं सगळं अंग झटके देऊ लागलं. आम्ही दोघातिघांनी त्याला सीटवरून ओढून खाली आडवं केलं. मग जो तो त्याला सुचेल ते करू लागला. कुणी चप्पल काढून नाकाला लावली. कुणी डब्यातला कांदा फोडला. पुंडलिकदादा त्याच्या पायांवर बसले. "जीभ चावेल, जीभ चावेल," असं मागून कुणीतरी ओरडलं आणि मी, शिकलासवरलेला माणूस, डब्यातला स्टीलचा चमचा काढून त्याच्या आवळलेल्या दातांमध्ये खुपसला. कट्‌ असा आवाज झाला. त्याचा पुढचा दात तुटला आणि रक्त आलं.

"काका, चमचा काढा! आधी चमचा काढा!"

ही दिशा. लॅबमध्ये ट्रेनी म्हणून येऊन तिला जेमतेम तीन महिने झाले होते. बसमध्ये ती खिडकीशी बसायची आणि तिचा आवाज फारसा कुणी ऐकलेला नव्हता.

"जीभ..." मी म्हणालो.

"जीभ गिळत नाही माणूस. तोंडात काही घालायचं नाही. पुंडलिककाका, पाय सोडा त्यांचे, दाबून धरू नका. हाड मोडेल. त्यांना कुशीवर करा. चप्पल लांब न्या ती."

तिने स्वतःची ओढणी घडी करून त्याच्या डोक्याखाली सरकवली, गळ्याचं बटण सोडलं, डबे आणि पिशव्या बाजूला लोटल्या. आम्ही त्याला कुशीवर वळवलं तसा तोंडातला फेस आणि रक्त बाहेर ओघळलं, नाहीतर ते घशातच गेलं असतं. ती मनगटावरच्या घड्याळाकडे बघत गुडघ्यांवर बसून राहिली.

"काय बघतेस?"

"वेळ. पाच मिनिटांच्या वर गेलं तर थांबायचं नाही, १०८ लावायचा. एक फिट थांबून लगेच दुसरी आली तरीही."

तीन मिनिटांच्या आतच झटके थांबले. मला ती तीन मिनिटं अजून मोजता येत नाहीत. मग तो घोरल्यासारखा श्वास घेऊ लागला. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली, ती दिशाने हाताने मागे सारली. "पूर्ण शुद्धीवर येऊ दे. आत्ता पाणी नाही."

काळुराम उठून बसला तेव्हा पुढच्या गाड्या हलू लागल्या होत्या. त्याने आमच्याकडे पाहिलं, पण ओळख नव्हती नजरेत. ओठातून रक्त गळत होतं, ते त्याला कळत नव्हतं. तो हळूच उभा राहिला, ड्रायव्हरच्या सीटकडे वळला, स्टिअरिंगवर हात ठेवला आणि म्हणाला, "सोडली वाटतं. चला."

आणि चावीसाठी हात चाचपू लागला.

चावी पुंडलिकदादांच्या मुठीत होती. बसमधल्या बायकांपैकी एक रडायला लागली. माझ्या अंगावर काटा आला तो त्या क्षणी, आधी नाही.

नागोठण्याला एका डॉक्टरांकडे त्याला मी आणि दिशा एका कारवाल्याच्या गाडीतून घेऊन गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "आधी कधी फिट आली होती?"

"नाय ओ डॉक्टर," तोवर भानावर आलेला काळुराम म्हणाला. "पहिल्यांदाच. रात्री जागरण झालं होतं."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होतो. मला त्याची दया येत होती, दाताबद्दल लाज वाटत होती. थोड्या वेळाने त्याची बायको, वैशाली, गावातून रिक्षा करून आली. पायात दोन वेगवेगळ्या चपला. मी तिला बाहेरच्या बाकावर बसवून काय झालं ते सांगायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली,

"परत आली?"

मला आधी कळलंच नाही. "परत म्हणजे?"

तिने पदर तोंडाशी नेला.

"वैशालीताई, परत म्हणजे काय?"

"ही आठवी, भाऊ."

पहिली चौदा महिन्यांपूर्वी आली होती. पहाटे, झोपेत. सासू म्हणाली बाहेरचं आहे, भगताकडे नेलं. भगताने लिंबू उतरवलं. दुसरी आल्यावर वैशालीने नवऱ्याला ओढत पनवेलला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या, मिरगी म्हणून निदान झालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं, गाडी बंद. दोन महिने त्याने गोळ्या घेतल्या. मग सोडल्या.

"का सोडल्या?"

"गोळीनं झोप यायची ओ त्यांना. म्हणायचे, झोप आली तर बत्तीस माणसांची गाडी कशी हाकू? फिट काय, झोपेतच येते. जागेपणी नाय येत."

बत्तीस माणसांच्या काळजीपोटी त्याने गोळ्या सोडल्या होत्या! हे वाक्य मी मनात तीन-चार वेळा म्हणून पाहिलं. ते सरळ होईना.

"तुम्ही तरी सांगायचं होतं आम्हाला," मी म्हणालो. आवाज चढला होता माझा.

"माझ्या पोराची शपथ घातली होती. रोज नऊला फोन यायचा, 'पोचलो' म्हणून. तोवर मी घास नाय घ्यायची, भाऊ. चौदा महिने."

मग ती उठली. आत गेली. मी दारातून पाहत होतो. नवऱ्याकडे न बघता ती डॉक्टरांना म्हणाली, "सात वेळा आलीय आधी. गोळ्या यांनी सोडल्यात. पनवेलचे कागद घरी हायेत, मी आणून देते."

काळुरामने तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला काही सांगितलं नाही. डोळे मिटले की इंजिन किंचाळताना ऐकू यायचं. दिशाने मात्र शनिवारी लॅबमध्ये मला सांगितलं की तिच्या मावशीला हा आजार आहे. मावशी शाळेत शिकवते, गोळी चुकवत नाही आणि तिच्या वर्गातल्या मुलांनाही काय करायचं ते पाठ आहे. "आजार लपवला की धोका वाढतो, काका," ती म्हणाली. मला तेव्हा आजाराबद्दल ऐकायचंच नव्हतं. मला फक्त फसवला गेल्याचा संताप होता.

सोमवारी नाक्यावर नवा ड्रायव्हर होता. आम्ही चढणार तोच काळुराम चालत आला. ओठ सुजलेला, दाढी वाढलेली. कुणी त्याला बोलावलं नव्हतं. बसच्या दारासमोर उभा राहून तो म्हणाला,

"दोन मिनटं थांबा. मला चौदा महिने माहीत होतं. डॉक्टरनं गाडी बंद सांगितली होती. मी तुमाला नाय सांगितलं. वैशालीनं पाय धरले, तरी नाय सांगितलं. एवढंच सांगायला आलो."

पुंडलिकदादा पुढे झाले आणि त्यांनी काळुरामच्या कानशिलात मारली. जोरात. साठीला आलेला माणूस, आयुष्यात कुणावर हात उगारला नसेल. काळुरामने गालाला हातसुद्धा लावला नाही. मारलं त्यांनी आणि रस्त्याच्या कडेला मटकन बसले तेही तेच. "माझ्या सुनेला तुझ्या भरवशावर बसवत होतो रे," एवढंच म्हणत राहिले. त्यांची सून रोहिणी आमच्याच पॅकिंगला होती. ती बसच्या दारात उभी राहून हे बघत होती.

त्याच आठवड्यात काळुराम पेणच्या आरटीओत जाऊन लायसन जमा करून आला. तिथल्या माणसाने दोनदा विचारलं म्हणे, स्वतःहून देताय का?

पुढचं वर्ष त्याचं घरातच गेलं. पनवेलच्या डॉक्टरांनी गोळी बदलली, झोप कमी झाली. वैशाली रोज दोन्ही वेळेला समोर उभी राहून गोळी द्यायची. न्हाणीला आतून कडी लावू द्यायची नाही, विहिरीवर एकटं जाऊ द्यायची नाही. तो चिडायचा, ताट सरकवायचा, दोन-दोन दिवस बोलायचा नाही. पहिल्या सहा महिन्यांत दोन फिटा आल्या. दुसरी वाल झोडताना अंगणात, दहा माणसांसमोर. वैशालीने सगळ्यांना मागे हटवलं आणि शेजारणीने आणलेली चप्पल उचलून कुंपणापलीकडे भिरकावली. त्यानंतर फिट आलेली नाही.

आता तो पेणला एका पोह्यांच्या गिरणीत आहे. भट्टीपासून लांब, पिशव्या भरायला. पहिल्याच दिवशी त्याने मालकाला सांगितलं की मला फिट येऊ शकते, आली तर असं असं करा, हे करू नका. मालक विचारात पडला. मग म्हणाला, दुसऱ्या कामगारांना पण सांगून ठेव. काळुरामने सांगितलं. शब्द दिशाचेच होते. ती एका रविवारी त्याच्या घरी जाऊन वैशालीला सगळं लिहून देऊन आली होती, हे मला फार उशिरा कळलं.

मी त्याला भेटायला गेलो ते दीड वर्षाने. दाताबद्दल माफी मागायची होती. गिरणीत भाजक्या भाताचा वास, कानात यंत्राची घरघर. तो पिशवी बाजूला ठेवून बाहेर आला. दाताची गोष्ट काढली तर म्हणाला, "राहू दे ओ, नीलकंठभाऊ. तो दात आधीच हलत होता."

खोटं होतं ते. पण चांगलं खोटं होतं.

आम्ही टपरीवर चहा घेतला. जाता जाता मी ते विचारलं, जे दीड वर्ष मनात होतं. "काळुराम, त्या दिवशी बसमध्ये फिट आली नसती, तर तू कधीतरी सांगितलं असतंस का?"

मला वाटलं होतं तो हो म्हणेल. सांगणारच होतो, दिवाळीनंतर, पोराची परीक्षा झाल्यावर, असं काहीतरी. मी ते मानायलाही तयार होतो.

त्याने रस्त्याकडे पाहिलं. आमच्याच कंपनीची परतीची बस नाक्यावर वळत होती.

"नाय, भाऊ," तो म्हणाला. "नाय सांगितलं असतं."

ग्लास ठेवून तो गिरणीत परत गेला.