म्हातारीच्या गोवऱ्या आणि गोबरगॅस

त्या काळात मी गावोगाव गोबरगॅस सांगत फिरायचे. शिक्षण चौथीपर्यंत. पण आमच्या घरचा गोबरगॅस रोज चालायचा आणि आसपासचे बहुतेक बंद पडलेले होते. म्हणून एका संस्थेचे साहेब विचारायला आले की तुमचाच कसा चालतो. मी म्हटलं, मी रोज शेण कालवते, दुसरं काही नाही. त्यांना हे उत्तर फार आवडलं. हेच बायांना सांगा म्हणाले, आणि मला जीपमध्ये बसवलं.

सेनगावच्या बाजूची बरीच गावं आम्ही केली. साहेब माणसांना पारावर सरकारी मदतीचं समजावून सांगायचे. मी बायांना एखाद्या ओसरीत गोळा करायचे. माझं बोलणं फार नसायचं. चुलीसमोर बसून तुमी धूर पिऊन राहता, नवरा बिडी पितो त्यापेक्षा जास्त पिता, आणि वर त्यालाच बिडी सोड म्हणता, एवढं सांगितलं की बाया हसायच्या आणि मग ऐकायच्या.

साखऱ्याच्या पलीकडे एक लहान गाव आहे. तिथल्या बैठकीत एकीनं विचारलं, "शेणाच्या गॅसवर केलेल्या चहाला वास येत न्हाई व्हय?"

"तुझ्या नवऱ्याच्या तोंडाला येतो त्यापेक्षा कमी येतो," मी म्हटलं.

सगळ्या हसल्या. एक मात्र हसता हसता खोकायला लागली आणि तिचा खोकला थांबेना. लहानखुरी, तरणी बाई. बाकीच्या उठून गेल्या तरी ती भिंतीला टेकून श्वास जमवत बसली होती. मग म्हणाली, "मावशी, आमच्याकडं तीन जनावरं हायत. आमच्याकडं होईल का?"

"होईल की."

"सेनगावचा डॉक्टर म्हनला, औषधानं भागनार न्हाई, धूर बंद करा. मालक तयार हायत. पन आत्याबाई शेन देत न्हाईत."

मला राग आला. सासवा मी पुष्कळ पाहिल्या होत्या. कुणाला देवाचा नैवेद्य शेणाच्या गॅसवर चालायचा नाही, कुणाला भाकरीला चव यायची नाही. या सगळ्यांना काय उत्तर द्यायचं ते मला पाठ होतं. मी तशीच तिच्या घरी गेले.

सासू अंगणात गोवऱ्या थापत होती. माझ्यापेक्षा बरीच मोठी, वाळलेली, पण हात भरभर चालत होते. मी बसले आणि सरळ विचारलं, "सुनेचा जीव जाऊन राहिला अन् तुमी शेन धरून बसल्या. काहून?"

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थापलेली गोवरी बोटांनी नीट केली, हात धुतले आणि म्हणाली, "ये माझ्यासंगं."

घरामागं गोवऱ्यांची रास होती. पुरुषभर उंच, बाहेरून शेणानं लिंपलेली, वर जुना पत्रा, पत्र्यावर दगड. अशी रास सगळ्यांच्याच घरी असते, म्हणून मला त्यात विशेष काही दिसलं नाही.

"हे माझं सरन हाय," ती म्हणाली. "चुलीच्या गोवऱ्या तिकडं येगळ्या. हिला कोनी हात लावत न्हाई."

मी म्हटलं, "मेल्यावर पोरगा हाय की. लाकडं आनंल."

तेव्हा तिनं जे सांगितलं ते मी आजवर कुठल्या बैठकीत बोलले नाही. तिचा नवरा भर पावसाळ्यात गेला. रानात बाभळीशिवाय लाकूड नाही आणि जी मिळाली ती ओली. घरोघर गोवऱ्या भिजलेल्या. माणसांनी रॉकेल ओतून पेटवलं, ज्वाळ उठलेली पाहिली आणि पाऊस वाढला तसे घरी आले. हिचं शेत मसणवट्याला लागून. दुसऱ्या दिवशी सकाळी ही शेतात गेली.

"कुत्र्यानं बांधावर आनलं व्हतं," ती म्हणाली. "पाय व्हता. मी वळखला. आंगठ्याचं नख कुऱ्हाडीनं गेलेलं व्हतं त्यांचं. मी हातानं माती उकरली अन् पुरला. कोनाला सांगितलं न्हाई. पोराला तर न्हाईच. तू बी सांगू नको."

मी तिथंच उभी राहिले. नाही सांगणार, एवढा शब्द मी तिला दिला. मी लोकांना धुराचं सांगत होते, डोळ्यांचं सांगत होते, मसणातलं काही मला कुणी शिकवलं नव्हतं आणि माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. आमच्या भागात कुणी गेलं की घरोघरच्या गोवऱ्या जातात, हे मी जन्मापासून पाहत होते. ज्या गावात घरोघर गॅस होईल तिथं त्या कुठून येतील, हा प्रश्न माझ्यासमोर पहिल्यांदा तिनं ठेवला.

जीपमध्ये मी साहेबांना एवढंच विचारलं की मयतीसाठी गोवऱ्या लागतात त्याचं काय. ते म्हणाले, "बाई, आपण जिवंत माणसांचं काम करतो." तेही खरंच होतं.

मी पुन्हा त्या घरी गेले तेव्हा म्हातारीनंच मार्ग काढून ठेवला होता. रास आता पुरेशी झाली होती. यापुढचं सगळं शेण गॅसला घाला, पण राशीला हात लावायचा नाही. तिनं मुलाला माझ्यासमोर उभं करून हे सांगितलं. मुलगा हसला. "तुजी रास कोन खातंय? राहू दे की जलमभर."

गोबरगॅस झाला. लोखंडी टाकी गॅसनं भरून पहिल्यांदा वर आली तेव्हा अर्धी गल्ली बघायला आली होती. म्हातारीनं पहिला चहा हुंगून हुंगून प्याला आणि "बरा हाय" म्हणाली. सुनेचा खोकला एकदम गेला नाही. पण थंडी सरेपर्यंत ती एक वाक्य न थांबता पुरं बोलायला लागली, आणि माझ्यासाठी ते पुष्कळ होतं. दुसऱ्या गावांत मी तिचं उदाहरण द्यायचे.

उन्हाळ्यात आमची जीप त्या रस्त्यानं जात होती म्हणून मी उतरले. अंगणात शिरताना टाकीकडे नजर गेली. टाकी तळाला बसलेली. शेण कालवायची कुंडी कोरडी ठक्क, तडे गेलेली. मला वाटलं, टाकी गळली असेल. मग धुराचा वास आला.

आत सून चुलीपुढं बसून फुंकणी फुंकत होती. डोळे लाल, कपाळाची शीर ताठ. मला पाहून उठायला गेली आणि खोकत परत बसली.

"काय झालं? टाकी फुटली?"

"न्हाई. टाकी चांगली हाय."

"मग?"

"मी कालवायचं बंद केलं."

मला ते पहिल्यांदा कळलंच नाही. जिच्या छातीसाठी हे सगळं केलं, जी स्वतः माझ्यामागं लागली होती, ती आपल्या हातानं गॅस बंद करून धुरात बसली होती. मी तिला दोन वाक्यं सुनावली, ती इथं लिहीत नाही.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "घरामागं जाऊन या."

घरामागं रास नव्हती. रिकामी जागा आणि भिंतीला टेकवलेला पत्रा. म्हातारी कनेरगाव नाक्याला लेकीकडे आठ दिवस गेली होती, तेवढ्यात मुलानं वीटभट्टीवाल्याला बोलावून सगळी रास ट्रॅक्टरमध्ये भरून दिली. आता घरात गॅस आला, गोवऱ्या कशाला, पावसाळ्यात विंचू होतात, असा त्याचा हिशेब. म्हातारी परत आली, मागं गेली, आणि दोन दिवस जेवली नाही. मग टोपली घेऊन रानात वाळलेल्या शेण्या वेचायला जायला लागली. उन्हात चक्कर येऊन एकदा पडली. गुराख्यानं आणून सोडली. त्या रात्री तिनं सुनेला बांधावरची गोष्ट सांगितली.

"मला ठावंच नव्हतं मावशी," सून म्हणाली. "दुसऱ्या दिसापासून सगळं शेन मी गोवऱ्याला घेते. रास पुरी होऊस्तोवर गॅस बंद."

तेवढ्यात म्हातारी टोपली घेऊन आत आली आणि धूर पाहून तिथूनच सुरू झाली. "पुन्हा चूल पेटवली? मेले तर मेले मी, कुत्र्यानं खाल्लं तर खाऊ दे. तू गॅसला शेन घाल."

"तुमी गप बसा. तुमाला कोन विचारून राहिलं?"

"माजं शेन हाय, मी सांगनार."

"शेन म्हशीचं हाय. हात माझे हायत."

"मरशील खोकून."

"मरू द्या. मग तुमच्या आधी मलाच लागतील गोवऱ्या."

बाहेरून ऐकणाऱ्याला वाटलं असतं, रोजचं सासूसुनेचं भांडण आहे. मी आयुष्यात पुष्कळ भांडणं ऐकली, काही केलीही. पण दोघी एकमेकींवर ओरडताहेत आणि दोघी आपलं सोडून दुसरीचं मागताहेत, असं भांडण मी पाहिलं नव्हतं.

मुलगा बैल बांधून केव्हा दारात आला ते आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. मला पाहून म्हणाला, "बघा मावशी, तुमीच समजवा. गॅस असून मला धुरातली भाकर. मी सोता कालवून पाहिलं दोन दिवस, तर पारावरचे लोक बायल्या म्हनून हसून राहिले. अन् कशापायी? चार गोवऱ्यापायी. बापाला न्हाई का जाळलं आमी? नीट जाळलं की."

म्हातारीनं तोंड फिरवलं. मला बोलायचा अधिकार नव्हता, मी शब्द दिला होता.

सून बोलली. फुंकणी खाली ठेवून, नवऱ्याकडे न बघता, तिनं कुत्र्याचं सांगितलं, नखाचं सांगितलं, हातानं माती उकरल्याचं सांगितलं.

तो उंबऱ्यावर बसला. मी माणसांना रडताना पाहिलं आहे, तो रडला नाही. त्यानं आईला एवढंच विचारलं, "कुठल्या बांधाला?"

"बोरीखाली," म्हातारी म्हणाली.

त्या बोरीखाली तो वर्षानुवर्षं न्याहारी करत होता. मग उठला, गोठ्यात गेला आणि शेणाची पाटी भरून आणली. ती अंगणाच्या मधोमध ठेवली आणि म्हणाला, "सकाळचं गॅसला. सांजचं आईला. मी आनून देत जाईन. लोकं हसले तर हसू दे."

तेव्हापासून त्या घरात सकाळचा स्वयंपाक गॅसवर आणि रात्रीचा चुलीवर असं सुरू झालं. रात्रीची भाकरी म्हातारी स्वतः टाकायची, सुनेला चुलीजवळ येऊ द्यायची नाही.

हे मी पुढं गावोगाव सांगायला लागले. गोष्ट नाही सांगितली, फक्त वाटणी सांगितली. एका वेळचं शेण गॅसला, एका वेळचं तुमच्या म्हाताऱ्या माणसांसाठी. ज्या घरांनी आधी मला दारातून परत पाठवलं होतं त्यातल्या काहींनी मग आपण होऊन बोलावलं. साहेबांना ते पटलं नाही. अर्धा गॅस म्हणजे अर्धं काम, असं ते म्हणाले, आणि भिंतीवर गोवऱ्या दिसल्या तर पाहुण्यांना काय दाखवू, असंही म्हणाले. मी सांगितलं, गोवऱ्या दाखवा. त्यानंतर जीप माझ्या दारी येणं कमी झालं. मी एसटीनं जायला लागले. मी चुकीचं सांगत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

म्हातारी त्यानंतर बरीच वर्षं जगली. गेली तीही पावसाळ्यातच. निरोप मिळाला तेव्हा ओढ्याला पाणी होतं, मला वेळेवर पोहोचता आलं नाही. तिसऱ्या दिवशी गेले. माणसं राख सावडून नुकतीच परत आली होती. मुलगा ओसरीत बसला होता. मी विचारायच्या आधी तो म्हणाला, "पाऊस व्हता मावशी. पन एक हाड काळं ऱ्हायलं न्हाई. सगळं पांढरं."

आत बाया बसल्या होत्या. सून त्यांच्यात नव्हती. एक बाई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "काय म्हनावं हिला. सुतक फिटलं न्हाई अन् शेनात हात घालून बसली."

मी मागच्या दारानं बाहेर आले. सांज व्हायला आली होती. सून कुंडीपाशी वाकून संध्याकाळचं शेण पाण्यात कालवत होती. कोपरापर्यंत हात भरलेले. सासूला जाऊन तीन दिवस झाले होते आणि ही गॅसला शेण घालत होती. खरं सांगते, मला धक्का बसला. माणसाच्या मनाचा मला अंदाज आहे असं मी समजत होते.

तिनं मान वर केली. डोळे सुजलेले होते, धुरानं नव्हे.

"आता सांजचं कोनासाठी ठेवू मावशी?" ती म्हणाली.

मी पाण्याची बादली उचलली आणि ती कालवत होती तसं पाणी सोडत गेले. गुठळ्या मोडल्या, शेण सरबरीत झालं, तिनं कुंडीचं बूच काढलं आणि ते खाली गेलं. मग तिनं हात धुतले, पदर सारखा केला आणि आत जाऊन बायांत बसली.